रात्रपाळीचा नकलनवीस

एखाद्या ग्रंथसंग्रहालयाच्या दारावर फळा असतो. त्यावर खडूनें लिहिलेलें असतें, ‘उद्यां संग्रहालय बंद राहील’. सुटी होऊन गेली, आठवडा उलटला, तरी तो मजकूर कोणीं पुसला नाहीं, तर येणारा वाचक क्षणभर दारांत थबकतो, आंतले दिवे लागलेले पाहतो, आणि फळा शिळा झाला आहे हें ओळखून खुशाल आंत शिरतो. फळा व संग्रहालय एकाच भिंतीशीं असल्यामुळें शिळ्या फळ्यानें फारसें नुकसान होत नाहीं. परंतु हाच फळा शंभर कोसांवर टांगलेला असला, आणि वाचणाऱ्याला संग्रहालयाचें दार मुळींच दिसत नसलें, म्हणजे काय होईल? त्याला फळ्यावर विश्वास ठेवण्यावांचून गति नाहीं. आजच्या काळांत प्रत्येक संस्थेचें इंटरनेटवर जें संकेतस्थळ असतें, तें अशा दूर टांगलेल्या फळ्यासारखें होय.

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, कचेरींतला मनुष्य आपल्या संगणकावर जें लिहितो तेंच थेट लोकांना दिसतें. कांहीं ठिकाणीं तशी सोय असतेही. परंतु जेथें पानें आधीं कचेरींत तयार करून मग बाहेर पाठवितात, तेथें वस्तुस्थिति निराळी असते. मूळ प्रत कचेरींतल्या यंत्रावर राहते, आणि लोक पाहतात ती तिची नक्कल. ही नक्कल ज्या यंत्रावर ठेवलेली असते त्याला सर्व्हर म्हणतात. तें यंत्र रात्रंदिवस जागें असतें. तें मुंबईस असेल, किंवा समुद्रापलीकडे असेल. मूळ प्रतींत दुरुस्ती झाली म्हणून नकलेंत ती आपोआप होत नाहीं. बदललेल्या फायली कोणीतरी उचलून तिकडे नेऊन ठेवाव्या लागतात. हें काम हमालीचें आहे असें प्रथमदर्शनीं वाटतें, आणि म्हणूनच त्याकडे कोणी लक्ष देत नाहीं.

स्थळ पांचदहा पानांचें असेल तोंवर हातानें भागतें. पानें शेंकड्यांनीं मोजूं लागलीं, म्हणजे आज काय काय बदललें तें ध्यानांत ठेवणें हेंच मुख्य काम होऊन बसतें. समजा, एका महाविद्यालयाच्या कारकुनानें प्रवेशअर्जाची शेवटची तारीख बदलली. ती सूचनेच्या पानावर होती, अर्जाच्या नमुन्यावर होती आणि इंग्रजी पानावरही होती. त्यानें तिन्ही ठिकाणीं ती सुधारली, परंतु पाठवितांना दोनच फायली पाठविल्या. तिसऱ्या पानावर जुनी तारीख वाचणाऱ्या मुलानें अर्ज न करतां आशा सोडली, तर त्याचें वर्ष गेलें. कारकुनाचा हलगर्जीपणा म्हणावा, तर बिचारा सायंकाळीं सहा वाजतां, दिवसभराचा रगाडा उपसून, हें काम करीत असतो. ज्या कामांत तीच काळजी रोज तितक्याच ताजेपणानें घ्यावी लागते, तें काम माणसाच्या हातून फार दिवस नीट होत नाहीं. तो माणसाचा गुन्हा नव्हे, स्वभाव आहे.

फायली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेण्याची ठरीव रीत ही संकेतस्थळांपेक्षां वयानें मोठी आहे, आणि तिच्या उगमाशीं एका भारतीयाचें नांव आहे. अलाहाबादेस जन्मलेले अभय भूषण हे कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. तेथून ते अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रसंस्थेंत गेले, आणि एप्रिल १९७१ मध्यें त्यांनीं फाईल ट्रान्सफर प्रोटोकॉल, म्हणजे ‘एफटीपी’, या रीतीचा पहिला मसुदा लिहिला. त्या वेळीं वर्ल्ड वाइड वेबचा जन्म व्हावयास जवळजवळ वीस वर्षें अवकाश होता. पुढें १९८५ सालीं या रीतीला जें रूप मिळालें तेंच दीर्घकाळ टिकलें, आणि १९९० नंतर संकेतस्थळें निघूं लागलीं तेव्हां त्यांची बहुतेक ने-आण याच वाटेनें होऊं लागली.

या वाटेवर दोन खांचखळगे होते. एक असा कीं, एफटीपीला फाईल लेख आहे कीं चित्र हें सांगावें लागे. लेख म्हणून पाठविल्यास ती ओळींच्या शेवटच्या खुणा समोरच्या यंत्राच्या पद्धतीप्रमाणें बदलीत असे. लेखाला तें मानवतें. परंतु चित्र चुकून लेख म्हणून गेलें, तर त्यांतलीं कांहीं चिन्हें ‘सुधारलीं’ जाऊन चित्राचा चेंदामेंदा होई. दुसरा खळगा अधिक खोल होता. परवलीचा शब्द या वाटेनें उघडा जात असे. मधल्या कोणत्याही यंत्रावर कान लावून बसणाऱ्याला तो सहज ऐकूं येई. १९९५ सालीं फिनलंडमध्यें हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर अशीच परवलीच्या शब्दांची चोरी झाली, आणि तेथील टाटू युलेनेन यांनीं त्याच वर्षीं ‘एसएसएच’ नांवाची कूटबद्ध वाट तयार केली. प्रत्येक रीतीला संगणकावर एक दाराचा क्रमांक दिलेला असतो. एफटीपीचें दार २१ वें, टेलनेट या दुसऱ्या जुन्या उघड्या रीतीचें २३ वें. मधलें २२ वें दार मोकळें होतें. तें युलेनेन यांनीं मागून घेतलें. जुन्या दोन दारांमध्यें बसलेल्या या नव्या दारानें दोन्ही शेजाऱ्यांचें बहुतेक काम हळूहळू आपल्याकडे ओढून घेतलें. २०२१ सालीं क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनीं एफटीपीची सोय काढून टाकली.

वाट सुरक्षित झाली, तरी त्या वाटेनें रोज जाण्याचें काम माणसाकडेच राहिलें. तें यंत्रावर सोंपवावयाचें, तर यंत्राला घड्याळाप्रमाणें जागें करणारा कोणी पाहिजे. युनिक्स नांवाच्या संगणकपद्धतींत असा एक पहारेकरी आहे. ग्रीक भाषेंतील काळवाचक शब्दावरून त्याला ‘क्रॉन’ म्हणतात, आणि १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून तो लोकांना ठाऊक आहे. त्याच्या वहींत एका ओळींत पांच आंकडे लिहावयाचे: मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार, आणि त्यांपुढें करावयाचें काम. ‘रोज रात्रीं सवादोन वाजतां फायली पाठीव’ असें एकदां लिहून ठेवलें, कीं तो वर्षानुवर्षें तें करीत राहतो. जुन्या कचेऱ्यांत दस्तऐवजांच्या नकला उतरून देणारा नकलनवीस असे. तोच जणूं रात्रपाळीला आला. तो कंटाळत नाहीं, रजा मागत नाहीं, दिवाळीची बक्षिसीही मागत नाहीं.

मात्र त्याला जेवढें सांगितलें तेवढेंच कळतें. सवादोन वाजतां कचेरीचें यंत्र बंद असलें, तर त्या रात्रीचें काम बुडतें. सकाळीं यंत्र चालू झाल्यावर साधा क्रॉन तें भरून काढीत नाहीं. काम दर पंधरा मिनिटांनीं करावयाचें ठरविलें आणि एके दिवशीं फायली मोठ्या असल्यामुळें पहिली फेरी वीस मिनिटें चालली, तर दुसरा नकलनवीस पहिल्याच्या हातांत हात अडकवून तेंच काम करूं लागतो. म्हणून जाणते लोक दारावर एक खूण ठेवावयास लावतात: आंत कोणी काम करीत असेल तर दुसऱ्यानें परत फिरावें. परवलीच्या शब्दाविषयींही विचार करावा लागतो. रात्रीं तो टंकण्यास कोणी नसतें, म्हणून पुष्कळ जण तो आज्ञेच्या फाइलींतच लिहून ठेवतात. घराची किल्ली दारावरच्या खिळ्याला टांगण्यापैकीं हा प्रकार. एसएसएचमध्यें यावर उपाय आहे. किल्लीचे दोन भाग करावयाचे, एक सर्व्हरवर आणि एक कचेरींत ठेवावयाचा. आणि ही किल्ली अमुक एका कामापुरतीच चालेल असें सर्व्हरला सांगून ठेवावयाचें. मग ती चोराच्या हातीं पडली, तरी सारें घर उघडत नाहीं.

आतां खरा प्रश्न येतो. नकलनवीसानें काय पाठवावें? सर्वच फायली रोज पाठविणें सोपें खरें, पण फार खर्चाचें. भारतांत विदेश संचार निगमनें सामान्य लोकांसाठीं इंटरनेट खुलें केलें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. त्या काळीं मुंबईंतल्या घरगुती टेलिफोनवरून सेकंदास ९,६०० बिट या वेगानें मजकूर जात असे. २४ मेगाबाइटांचा गठ्ठा त्या वेगानें पाठवावयाचा म्हटला तर, मध्यें एकदांही तार तुटली नाहीं असें धरून, साडेपांच तास लागत. म्हणून बदललेलेंच पाठवावें हें उघड झालें. परंतु बदललें काय हें ओळखावें कसें?

साधा उपाय म्हणजे फाइलीवरची वेळ पाहणें. मूळ फाईल नकलेपेक्षां नवी असेल तर पाठवावी. येथें घड्याळें आडवीं येतात. कचेरीचें यंत्र भारतीय वेळ दाखवितें, सर्व्हर बहुधा ग्रीनिचची. दोहोंत साडेपांच तासांचें अंतर. जुन्या एफटीपीच्या यादींत वेळ असे, पण ती कोठली वेळ हें लिहिलेलें नसे. दुपारीं एक वाजतां पाठविलेली फाईल सर्व्हर साडेसातची मानतो. दोन वाजतां ती पुन्हां सुधारली तर ठीक, परंतु घड्याळांचा हिशेब उलट धरला गेला कीं नवी फाईल जुनी ठरून मागें राहते. नुसता आकार पाहिला तर आणखी गंमत. ‘१२ जून’ चें ‘२१ जून’ केलें तर अक्षरांची संख्या तीच राहते, आणि नकलनवीस म्हणतो कीं कांहीं बदललेलें नाहीं.

या प्रश्नाचें फार सुंदर उत्तर ऑस्ट्रेलियांत सांपडलें. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटींत अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास या दोघांनीं जून १९९६ मध्यें ‘आरसिंक’ नांवाचा प्रोग्रॅम आणि त्यामागील रीत जाहीर केली. ती रीत समजण्यास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं. शुद्धिपत्र म्हणजे काय हें ठाऊक असलें म्हणजे पुरे.

पुस्तकाची दुसरी आवृत्ति निघाली असतां, पहिली ज्याच्याजवळ आहे त्याला सारें पुस्तक पुन्हां पाठविण्याची जरुरी नसते. कोठें काय बदललें याचें शुद्धिपत्र पाठविलें कीं काम भागतें. परंतु शुद्धिपत्र करावयास दोन्ही आवृत्त्या एकाच टेबलावर उघडून बसावें लागतें. येथें अडचण अशी कीं, जुनी प्रत नागपुरास आहे, नवी पुण्यास आहे, आणि दोन्ही पाहणारा कोणीच नाहीं. जुनी मागवून घ्यावी, तर नवी पाठविण्याइतकाच खर्च.

ट्रिजेल आणि मॅकेरास यांची युक्ति अशी. नागपूरकरानें आपल्या प्रतीचे सारख्या लांबीचे तुकडे पाडावे, समजा सातशे सातशे अक्षरांचे, आणि प्रत्येक तुकड्यांतल्या अक्षरांच्या आंकड्यांवरून दोन बेरजा काढाव्या. एक बेरीज चटकन् होणारी, ओबडधोबड. दुसरी वेळ खाणारी, पण इतकी बारकाईची कीं दोन निराळ्या तुकड्यांची ती एक येणें जवळजवळ अशक्य. मजकूर न पाठवितां त्यानें फक्त या बेरजा पुणेकराकडे पाठवाव्या. त्यांना कितीशी जागा लागणार! पुणेकरानें आपली नवी प्रत पहिल्या अक्षरापासून घेऊन सातशे अक्षरांची चौकट तिच्यावर ठेवावी आणि तिची ओबडधोबड बेरीज नागपूरच्या यादींत आहे का तें पाहावें. असली, तर बारीक बेरजेनें खात्री करून घ्यावी, आणि ‘येथें तुझा अमुक क्रमांकाचा तुकडा ठेव’ एवढेंच लिहावें. नसली, तर चौकट एका अक्षरानें पुढें सरकवावी आणि मागें सुटलेलें अक्षर तेवढें जसेंच्या तसें लिहून घ्यावें.

एका अक्षरानें सरकविणें यांत या रीतीचें मर्म आहे. ठराविक तुकड्यांशीं ठराविक तुकडे ताडून पाहिले असते, तर पहिल्याच पानावर एक शब्द वाढल्याबरोबर पुढले सारे तुकडे एका शब्दानें सरकले असते आणि कोणताच जुळला नसता. मग पुस्तक सारेंच बदललें असें वाटलें असतें. चौकट अक्षराअक्षरानें सरकत असल्यामुळें वाढलेला शब्द ओलांडला कीं पुन्हां सारें जुळूं लागतें. आणि प्रत्येक वेळीं सातशे अक्षरांची बेरीज नव्यानें करावी लागत नाहीं. मागें सुटलेलें अक्षर वजा करावयाचें, पुढें आलेलें मिळवावयाचें, कीं झाली नवी बेरीज. खाणावळवाला महिन्याचा हिशेब मुळापासून न मांडतां आजचें ताट मिळवितो आणि न घेतलेलें वजा करतो, तसें.

या दोघांनीं आपल्या निबंधांत लिनक्सच्या दोन लागोपाठच्या आवृत्त्यांवर केलेला प्रयोग दिला आहे. एकेका आवृत्तीचा गठ्ठा सुमारें २४ मेगाबाइटांचा. जुनींत २,४४१ फायली होत्या. नवींत त्यांपैकीं २९१ बदलल्या होत्या, १९ नाहींशा झाल्या होत्या आणि २५ नव्या आल्या होत्या. सातशेच्या तुकड्यांनीं काम केलें तेव्हां दोन्ही दिशांचा मिळून प्रवास मूळ गठ्ठ्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरला. मुंबईच्या त्या टेलिफोनवर जें काम साडेपांच तासांचें, तें अर्ध्या तासांत होण्यासारखें झालें. आज तारा वेगवान् झाल्या आहेत, तरी आरसिंक मागें पडलेलें नाहीं. कारण फायलीही तितक्याच फुगल्या आहेत.

अर्थात् प्रत्येक फाइलीच्या बेरजा रोज काढावयाच्या नसतात. आरसिंक आधीं आकार आणि वेळ पाहतो, आणि दोन्ही जुळल्या तर फाईल तशीच सोडून देतो. त्यासाठीं फाइलीबरोबर तिची मूळ वेळही तिकडे नोंदवावी असें त्याला सांगावें लागतें. हें सांगावयाचें राहिलें, कीं दुसऱ्या रात्रीं त्याला सारेंच बदललेलें दिसतें, आणि धन्याला मात्र नकलनवीस फार कष्टाळू आहे असें वाटतें.

येथवर पाठविण्याचें झालें. पुसण्याचें काम याहून नाजूक आहे. कचेरींत जें पान रद्द करून काढून टाकलें, तें सर्व्हरवरूनही जावयास हवें. नाहीं तर मागच्या वर्षीची सूचना शोधणाऱ्याला अजूनही सांपडते. म्हणून आरसिंकला ‘मूळांत नाहीं तें नकलेंतून पूस’ अशी आज्ञा देतां येते. आज्ञा एका शब्दाची आहे, आणि एका शब्दाच्या आज्ञा जपून द्याव्या लागतात. मूळ फायली एखाद्या वेगळ्या डिस्कवर असल्या, आणि यंत्र पुन्हां सुरू झाल्यावर ती डिस्क जोडावयाची राहिली, तर त्या ठिकाणीं रिकामा फोल्डर तेवढा दिसतो. नकलनवीस रात्रीं सवादोनला येतो, मूळांत कांहींच नाहीं असें पाहतो, आणि आज्ञेप्रमाणें सर्व्हर धुवून पुसून स्वच्छ करून जातो. मक्षिकास्थाने मक्षिका म्हणतात, त्यांतला हा प्रकार. येथें तर माशीही नाहीं आणि कागदही नाहीं. जुने पोथ्या लिहिणारे शेवटीं लिहून ठेवीत कीं, जसें पाहिलें तसें उतरलें, दोष आम्हांस देऊं नये. यंत्र तेवढेंही लिहीत नाहीं.

आणखी एक बारकावा आहे. फोल्डराच्या नांवापुढें एक तिरकी रेघ दिली तर आरसिंक फोल्डराच्या आंतलें सामान पाठवितो. ती दिली नाहीं तर फोल्डरच उचलून नेतो. पेटी न्यावयाची कीं पेटींतलें सामान, एवढाच प्रश्न. परंतु पुसण्याची आज्ञा सोबत असली म्हणजे त्या एका रेघेच्या फरकानें भलतेंच पुसलें जाऊं शकतें. सुदैवानें प्रोग्रॅम करणाऱ्यांना माणसांचा स्वभाव ठाऊक होता. ‘नुसतें काय करशील तें सांग, करूं नकोस’ अशी आज्ञा आरसिंकमध्यें आहे. ‘एका फेरींत अमुक फायलींहून अधिक पुसूं नकोस’ अशीही आहे. पहिली आज्ञा वापरण्याचा आळस अनुभवी लोकच अधिक करतात, ही आश्चर्याची गोष्ट आहे.

फायली पोंचल्या, जुन्या पुसल्या गेल्या, तरी एक प्रश्न उरतो. पाठविण्यास पांच मिनिटें लागलीं असें धरा. त्या पांच मिनिटांत जो वाचक आला, त्याला काय दिसेल? पहिलें पान नवें, दुसरें जुनें. वेळापत्रक नवें, त्याखालची टीप जुनी. एकेका फाइलीपुरती काळजी आरसिंक स्वतःच घेतो: नवी फाईल तो आधीं दुसऱ्या नांवानें बाजूला पुरी उतरवितो, आणि पुरी झाल्यावर एका क्षणांत नांव बदलून जुनीच्या जागीं बसवितो. अर्धी लिहिलेली फाईल कोणाच्या वाचनांत येत नाहीं. साऱ्या स्थळासाठीं हीच युक्ति मोठ्या मापानें करतां येते. सर्व्हरवर आजच्या तारखेचा नवा फोल्डर करून सारें स्थळ त्यांत उतरवावें. न बदललेल्या फायलींची पुन्हां प्रत न करतां कालच्याच फाइलीला आजच्या फोल्डरांतही नांव देण्याची सोय आहे, त्यामुळें जागा फारशी लागत नाहीं. सर्व्हर जें फोल्डर लोकांना दाखवितो, तें खरें फोल्डर नसून नुसती एक दिशादर्शक पाटी असावी. सारें उतरून, तपासून झालें, कीं पाटी कालच्याकडून आजच्याकडे वळवावयाची. वाचकाला कालचें सारें दिसतें किंवा आजचें सारें दिसतें. मधलें कांहीं दिसत नाहीं. आणि आजच्यांत घोटाळा निघाला तर पाटी पुन्हां कालच्याकडे वळविण्यास क्षणही लागत नाहीं.

चालू कामाच्या मध्यें फाईल जागच्या जागीं बदलली तर किती अनर्थ होतो, याचें उदाहरण जपानांत घडलें. क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर राखीव प्रती काढण्याचें काम एका आज्ञापत्राप्रमाणें चाले, आणि दहा दिवसांपेक्षां जुन्या नोंदी पुसणें हा त्यांतला एक भाग होता. डिसेंबर २०२१ मध्यें त्या आज्ञापत्राची सुधारलेली प्रत बसविण्यांत आली. वाचावयास सोपें व्हावें म्हणून त्यांतलीं कांहीं नांवें बदललेलीं होतीं. परंतु ती बसविली त्या वेळीं जुनें आज्ञापत्र चालूच होतें. आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम सारें पत्र एकदम वाचून घेत नाहीं, जसजसें काम होईल तसतसा पुढें वाचतो. त्यानें वरचा भाग जुना वाचला होता, खालचा नवा वाचला. नव्या भागांतल्या नांवांना कांहीं अर्थच दिलेला नव्हता. नोंदींचा फोल्डर कोणता हें कळण्याचें साधन उरलें नाहीं, आणि नोंदी पुसण्याची आज्ञा संशोधकांच्या फायलींवर चालली. सुमारें ७७ टेराबाइट मजकूर, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ४० लक्ष फायली, नाहींशा झाल्या. चौदा संशोधकमंडळांच्या कामाला धक्का बसला. त्यांपैकीं चार मंडळांचा मजकूर परत आणतां आला नाहीं. यंत्र पुरविणाऱ्या कंपनीनें सारा दोष आपल्याकडे घेतला. विशेष हें कीं, हें सारें राखीव प्रत ठेवण्याच्या कामांत घडलें. नवें आज्ञापत्र बाजूला उतरवून नांव बदलून बसविलें असतें, तर चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या हातांत जुनें पत्रच शेवटपर्यंत राहिलें असतें.

आतां राहिली ती सर्वांत फसवी गोष्ट, म्हणजे शांतता. कामांत चूक झाली तर क्रॉन धन्याला टपाल पाठवितो. टपाल आलें नाहीं, म्हणजे सारें ठीक आहे, असें मनुष्य धरून चालतो. हें धरून चालणें किती महाग पडतें, तें गिटलॅब या कंपनीच्या अनुभवावरून दिसतें, आणि तो अनुभव तिनें स्वतःच मोकळेपणानें जगापुढें मांडला, हें तिला भूषणावह आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं तेथील एका थकलेल्या तंत्रज्ञानें दुय्यम यंत्रावरचा डेटाबेस पुसावयाचा म्हणून आज्ञा दिली, ती मुख्य यंत्रावर. एकदोन सेकंदांत चूक उमगून त्यानें हात आवरला, तोंवर ३०० गिगाबाइटांपैकीं साडेचारच शिल्लक उरले होते. असा प्रसंग येणार हें गृहीत धरूनच तर राखीव प्रती रोज दुसरीकडे पाठविल्या जात होत्या. त्या ठेवण्याची जागा उघडून पाहिली, तर ती रिकामी. प्रत काढणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या ९.२ या आवृत्तीचा होता, डेटाबेस मात्र ९.६ ला पोंचला होता. त्यामुळें काम रोज सुरू होई आणि रोज तेथेंच फसे. फसल्याचें टपालही रोज निघत असे. परंतु त्या टपालावर हल्लीं लागते ती सहीची खूण नव्हती, म्हणून घेणारा सर्व्हर तें बनावट समजून दारांतूनच परत लावी. कामही बुडत होतें, बुडाल्याची बातमीही बुडत होती, आणि कचेरींत शांतता होती. त्या तंत्रज्ञानेंच सहा तासांपूर्वीं दुसऱ्या एका कामासाठीं हातानें घेतलेली एक प्रत सांपडली, म्हणून कंपनी वांचली. तरी सहा तासांतलें काम गेलें, आणि सारें पूर्ववत् होण्यास सुमारें अठरा तास लागले. इतक्या यांत्रिक व्यवस्थांत उपयोगीं पडली ती एका माणसानें सहज काढून ठेवलेली नक्कल, हा योगायोग मोठा विलक्षण खरा. पण योगायोगावर कोणाची कचेरी चालत नाहीं.

यावर जो उपाय लोक करूं लागले आहेत, तो आगगाडीच्या लाइनवर रात्रीं फिरणाऱ्या गस्तवाल्याची आठवण करून देणारा आहे. तो अपघाताची बातमी आणण्यासाठीं फिरत नाहीं. तो वेळेवर पोंचला नाहीं, तरच लोक कंदील घेऊन निघतात. नकलनवीसानेंही काम फसलें तरच बोलावें असें न ठेवतां, काम झालें कीं बोलावें. प्रत्येक फेरीच्या शेवटीं त्यानें त्या दिवसाची तारीख आणि वेळ एका लहानशा फाइलींत लिहून, ती सर्वांत शेवटीं सर्व्हरवर ठेवावी. तिसऱ्याच एका यंत्रानें, ज्याचा कचेरीशीं कांहीं संबंध नाहीं अशानें, रोज सकाळीं सहा वाजतां परक्या वाचकासारखें त्या संकेतस्थळावर जावें, ती तारीख वाचावी, आणि ती कालची निघाली तर कारकुनाच्या टेलिफोनची घंटा वाजवावी. मग कारकुनानें चहा बाजूला ठेवून आधीं पाहावयाचें तें एवढेंच कीं, कचेरींतली ती डिस्क जोडलेली आहे कीं नाहीं.